लसीचा शोध आणि गांवाची संमति
(मंडळ्यांतील अभ्यासवर्गांसाठीं धडा)



खेड्यांत काम करणाऱ्या प्रचारकाकडे लोक केवळ उपासनेसाठींच येतात असें नाहीं. कचेरीचा कागद वाचून दाखवावा, दवाखान्याची चिठ्ठी समजावून सांगावी, कर्जरोख्यावर अंगठा देण्यापूर्वीं त्यांत काय लिहिलें आहे तें पाहावें, म्हणूनहि ते येतात. "मास्तर, तुम्ही म्हणाल तर सही करतों," असें म्हणणारा मनुष्य प्रत्येक गांवीं आढळतो. हा विश्वास मोठा आहे, आणि म्हणूनच त्यांत धोकाहि आहे. ह्या धड्यांत आम्ही अशा एका कागदाविषयीं लिहीत आहों, कीं जो आमच्या वाचकांपैकीं थोड्यांच्याच हातीं पडेल. परंतु ज्याच्या हातीं पडेल त्याला तो पुरता समजला पाहिजे. तो कागद म्हणजे एचआयव्ही ह्या विषाणूवरील लसीच्या चाचणींत भाग घेण्याचें संमतिपत्र होय.

प्रथम लसीविषयीं, मग चाचणीविषयीं, आणि शेवटीं गांवाच्या व प्रचारकाच्या कर्तव्याविषयीं, अशा क्रमानें आपण विचार करूं.

१. लस अजून कां मिळाली नाहीं?

एड्स हा रोग सन १९८१ मध्यें प्रथम वैद्यांच्या लक्षांत आला, व त्याचा विषाणु १९८३ मध्यें सांपडला. भारतांत १९८६ सालीं चेन्नई येथें डॉ. सुनीति सॉलोमन व त्यांच्या विद्यार्थिनी सेलप्पन निर्मला ह्यांच्या तपासणींत तो पहिल्यानें आढळला. सन १९८४ मध्यें अमेरिकेच्या आरोग्यमंत्रिणीनें अशी आशा प्रकट केली होती कीं, सुमारें दोन वर्षांत लस चाचणीसाठीं तयार होईल. त्या गोष्टीस चाळीस वर्षें होऊन गेलीं. आज जगांत सुमारें चार कोटि व भारतांत सुमारें पंचवीस लाख लोकांच्या शरीरांत हा विषाणु आहे, तरी मान्यता पावलेली लस एकहि नाहीं. शोध करणाऱ्यांनीं आळस केला म्हणून असें झालें नाहीं. काम अवघड आहे, आणि त्याचीं कारणें साध्या शब्दांत सांगतां येण्यासारखीं आहेत.

पहिलें कारण हें. देवीच्या रोगांतून अनेक माणसें बरीं होत, आणि एकदां बऱ्या झालेल्यास तो रोग सहसा पुन्हां होत नसे. म्हणजे शरीर ह्या रोगास जिंकूं शकतें, हें निसर्गानेंच दाखवून दिलें होतें. लसीला त्या विजयाची नक्कल तेवढी करावयाची होती. एचआयव्हीच्या बाबतींत नक्कल करावयास असा कित्ताच नाहीं. हा विषाणु एकदां शरीरांत शिरला म्हणजे शरीर आपल्या बळावर त्याला समूळ घालवितें, असें जवळजवळ दिसतच नाहीं.

दुसरें कारण असें कीं, हा विषाणु आपलें रूप सतत पालटतो. शरीरानें त्याला ओळखून त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडें सिद्ध करावीं, तों त्यानें निराळा वेष घेतलेला असतो. तिसरें कारण असें कीं, तो ज्या पेशींत शिरतो त्यांच्या मूळ बीजद्रव्यांतच आपला अंश मिसळून देतो व तेथें लपून राहतो.

ह्यांतच आणखी एक गोष्ट आहे, आणि ती आपणांशीं विशेष संबंध ठेवते. ह्या विषाणूच्या निरनिराळ्या जाति आहेत. युरोप व अमेरिका येथें मुख्यत्वें "बी" जात आढळते. भारतांत व आफ्रिकेच्या दक्षिण भागांत मुख्यत्वें "सी" जात आढळते. तिकडे उपयोगी पडलेली लस इकडे तितकीच उपयोगी पडेल असा भरंवसा देतां येत नाहीं. म्हणून ज्या देशांत रोग आहे त्या देशांतच, तेथल्याच लोकांच्या साह्यानें, लसीची परीक्षा व्हावी लागते.

कोणी म्हणेल कीं, औषधें आहेत ना? होय, आहेत, आणि त्यांचें महत्त्व फार आहे. आपल्या देशांत १ एप्रिल २००४ पासून सरकारी केंद्रांत तीं फुकट देण्यास आरंभ झाला. जो मनुष्य तीं नियमितपणें घेतो त्याच्या रक्तांतील विषाणु इतका कमी होतो कीं, तो दीर्घकाळ जगतो, आणि विषाणु तपासणींत सांपडेनासा होऊन तसाच राहिला तर शरीरसंबंधानें तो दुसऱ्यास लागत नाहीं. परंतु हीं औषधें जन्मभर घ्यावीं लागतात. निरोग्याला निरोगी ठेवणारी लस मिळाली तर ती पुढील पिढीस मोठाच आधार होईल.

२. चाचणी कशी करितात?

शेतकऱ्याला नवें बी कोणी आणून दिलें तर शहाणा शेतकरी सगळें शेत त्यानें पेरीत नाहीं. तो एका कोपऱ्यांत नवें बी पेरतो व शेजारच्या वाफ्यांत जुनें पेरतो. पाणी तेंच, खत तेंच, जमीन तीच. मग जो फरक दिसेल तो बियाण्याचा. लसीची चाचणीहि ह्याच रीतीनें होते.

पहिल्या पायरीवर थोड्याशा निरोगी लोकांस लस देतात. तीं निरुपद्रवी आहे कीं नाहीं, एवढेंच तेथें मुख्यत्वें पाहावयाचें असतें. दुसऱ्या पायरीवर कांहीं शें लोक असतात. मात्रा किती असावी व शरीर तिला कसा जबाब देतें हें तेथें पाहतात. तिसऱ्या पायरीवर हजारों लोक असतात, आणि लस खरोखर रक्षण करिते कीं नाहीं ह्याचा निकाल तेथें लागतो. अशा चाचणींत साधारणतः अर्ध्या लोकांस खरी लस व अर्ध्यांस औषध नसलेली टोचणी देतात. कोणास कोणती मिळावी हें चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणें ठरतें, व तें टोचून घेणाऱ्यासहि ठाऊक नसतें आणि टोचणाऱ्यासहि ठाऊक नसतें. आपल्या आवडीनिवडीनें निकाल बिघडूं नये म्हणून ही व्यवस्था असते.

येथें दोन गैरसमज दूर केले पाहिजेत. एक असा कीं, "लस टोचून ते आपल्याला रोग लावतात." हें खरें नाहीं. माणसांवर तपासल्या गेलेल्या ह्या लसींत जिवंत एचआयव्ही विषाणु नसतो. त्याच्या रचनेचा एखादा अंश तेवढा असतो, व त्या अंशापासून तो रोग लागत नाहीं. दुसरा गैरसमज ह्याच्या उलट आहे, आणि तो अधिक घातक आहे. तो असा कीं, "आतां लस टोचली, आतां आपल्याला भय नाहीं." लस रक्षण करिते कीं नाहीं हें ठाऊक नाहीं म्हणूनच तर चाचणी आहे, शिवाय आपल्याला खरी लस मिळाली कीं नुसती टोचणी, हेंहि ठाऊक नसतें. म्हणून चाचणींत असलेल्या मनुष्यानें पूर्वींसारखीच, किंबहुना अधिक, सावधगिरी ठेवली पाहिजे.

हें काम आपल्या महाराष्ट्रांतहि झालें आहे. पुण्याजवळ भोसरी येथें १९९२ सालीं राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था स्थापन झाली. लसीच्या शोधासाठीं भारत सरकार व एक आंतरराष्ट्रीय संस्था ह्यांमध्यें २००१ मध्यें करार झाला. परंतु पहिली टोचणी फेब्रुवारी २००५ मध्यें पुण्यास झाली. मधलीं वर्षें केवळ प्रयोगशाळेंत गेलीं नाहींत. स्वयंसेवी संस्था, लोकप्रतिनिधि व वर्तमानपत्रें ह्यांच्याशीं बोलण्यांतहि गेलीं. पुण्याच्या चाचणींत तीस निरोगी स्त्रीपुरुषांनीं आपण होऊन भाग घेतला. ती लस निरुपद्रवी ठरली, पण शरीरानें तिला दिलेला जबाब दुबळा होता. म्हणून ती पुढें नेली नाहीं. सन २००६ मध्यें चेन्नईस दुसऱ्या लसीची, व २००९ मध्यें पुणें आणि चेन्नई ह्या दोन्ही ठिकाणीं दोन लसी एकामागून एक देण्याची चाचणी सुरू झाली. ह्यांपैकीं एकीनेंहि आपणांस तयार लस दिली नाहीं. तथापि ज्या स्त्रीपुरुषांनीं दंड पुढें केला त्यांचें काम वायां गेलें असें आम्ही म्हणणार नाहीं. कोणती वाट बंद आहे हें ज्यांनीं दाखविलें त्यांनींहि वाट दाखविली आहे.

मोठ्या चाचणीचें उदाहरण थायलंड देशाचें घ्यावें. तेथें रयोंग व चोनबुरी ह्या दोन प्रांतांत २००३ मध्यें सुरू झालेल्या चाचणींत १६,४०२ तरुण स्त्रीपुरुष सामील झाले. निकाल सप्टेंबर २००९ मध्यें प्रसिद्ध झाला. लस घेतलेल्या सुमारें आठ हजारांपैकीं ५१ जणांस व नुसती टोचणी घेतलेल्या तितक्याच लोकांपैकीं ७४ जणांस पुढें विषाणूची लागण झाली. म्हणजे लसीनें सुमारें तीन हिश्शांपैकीं एक हिस्सा लागण टळली. एवढें रक्षण लस वापरावयास पुरेसें नव्हतें. पण लसीनें रक्षण होऊं शकतें, अशी पहिली खूण त्यांत दिसली.

हाच मार्ग पुढें चालविण्याकरितां दक्षिण आफ्रिकेंत २०१६ मध्यें पांच हजारांहून अधिक लोकांची चाचणी सुरू झाली. सन २०२० च्या आरंभीं मधला हिशेब पाहिला, तेव्हां लस घेतलेल्यांत १२९ व न घेतलेल्यांत १२३ जणांस लागण झालेली आढळली. लसीचा उपयोग नाहीं असें ठरून टोचण्या बंद केल्या, व हे आंकडे लपवून न ठेवितां लोकांपुढें मांडले. ज्यांनीं अंग पुढें केलें त्यांस निकाल, मग तो कडू कां असेना, सांगणें हें संशोधकांवरील कर्ज आहे.

३. विचारल्यावांचून केलेलें काम

वर आम्ही बियाण्याचा दृष्टांत दिला. परंतु तो एका ठिकाणीं तोकडा पडतो. बियाण्याला विचारावें लागत नाहीं. माणसाला विचारावें लागतें. जेथें हें विसरलें गेलें तेथें काय झालें, ह्याचीं दोन उदाहरणें देतों.

कंबोडिया देशांत २००४ सालीं एचआयव्हीची लागण टाळणाऱ्या एका गोळीची चाचणी, शरीरविक्रय करणाऱ्या स्त्रियांमध्यें करावयाची ठरली होती. ही लस नव्हती, पण प्रश्न तोच होता. त्या स्त्रियांच्या संघटनेनें विचारलें कीं, ह्या गोळीनें पुढें आमच्या शरीरास अपाय झाला तर आमचें औषधपाणी कोण करील, आणि किती वर्षें? त्यांस समाधानकारक उत्तर मिळालें नाहीं. त्यांनीं उघड तक्रार केली, व ऑगस्ट २००४ मध्यें त्या देशाच्या पंतप्रधानांनीं ती चाचणी सुरू होण्यापूर्वींच थांबविली. पुढें दुसऱ्या देशांतील चाचण्यांनीं सिद्ध झालें कीं, तें औषध खरोखर उपयोगी होतें. म्हणजे औषध चांगलें, हेतु चांगला, तरी काम मोडलें. कारण ज्यांच्या अंगावर तें व्हावयाचें त्यांस आरंभीं बरोबर घेतलें नाहीं. त्या स्त्रियांस अडाणी म्हणून चालणार नाहीं. त्यांनीं विचारलेला प्रश्न कोणत्याहि सुज्ञ मनुष्यानें विचारला असता.

दुसरें उदाहरण आपल्याच देशाचें आहे. सन २००९ मध्यें आंध्र प्रदेशाच्या खम्मम जिल्ह्यांत (हा जिल्हा आतां तेलंगणांत आहे) व गुजरातच्या वडोदरा जिल्ह्यांत हजारों लहान मुलींस गर्भाशयमुखाच्या कर्करोगापासून रक्षण करणारी लस एका अभ्यासाकरितां देण्यांत आली. हीहि एचआयव्हीची लस नव्हे. ती अनेक देशांत वापरांत असलेली लस आहे. कांहीं मुलींचे मृत्यु झाले. ते लसीमुळें झाले असें सरकारी चौकशींत आढळलें नाहीं. तरी २०१० मध्यें तें काम थांबवावें लागलें, व २०१३ मध्यें संसदेच्या समितीनें त्यावर कडक ठपका ठेविला. कशाबद्दल? इतर गोष्टींबरोबर ह्याबद्दल कीं, आंध्रांतील पुष्कळ संमतिपत्रांवर आईबापांची सही नव्हतीच. वसतिगृहाच्या अधिकाऱ्यांनीं व मुख्याध्यापकांनीं मुलींच्या वतीनें सह्या केल्या होत्या.

प्रचारक बंधूंनो, हें वाक्य पुन्हां वाचावें. ते मुख्याध्यापक दुष्ट होते असें आम्हांस वाटत नाहीं. त्यांस वाटलें असेल कीं, आपण शिकलेले, आपणांस हित कळतें, आईबाप दूर राहणारे व निरक्षर. आपण सही केली तर काय बिघडलें? पण बिघडलें तें हेंच. जो दुसऱ्याचा विश्वासू आहे तोच दुसऱ्याच्या जागीं सही करूं लागला, तर विश्वासच अन्यायाचें साधन होतो.

४. गांवास बरोबर घेणें म्हणजे काय?

असल्या अनुभवांवरून संयुक्त राष्ट्रांच्या एड्सविषयक संस्थेनें व लसीचा पुरस्कार करणाऱ्या एका मंडळानें २००७ मध्यें सहभागाचे नियम तयार केले, व २०११ मध्यें ते सुधारून पुन्हां प्रसिद्ध केले. त्यांतील मुख्य विचार असा कीं, चाचणीचा बेत ठरून गेल्यावर लोकांस बोलावणें हा सहभाग नव्हे. बेत ठरत असतांनाच त्यांस बोलाविलें पाहिजे, व निकाल लागेपर्यंत आणि त्यानंतरहि बोलणें चालूं राहिलें पाहिजे.

ह्यासाठीं चाचणीच्या ठिकाणीं स्थानिक लोकांचें एक सल्लागार मंडळ असतें. त्यांत शेतकरी, मजूर, शिक्षक, आरोग्यसेविका, धार्मिक पुढारी, आणि ज्यांस हा रोग आहे असे लोक असावे. ह्या मंडळाचें काम स्वयंसेवक गोळा करून देणें हें नव्हे. त्याचें काम विचारणें हें आहे. संमतिपत्रांतील मराठी आपल्या तालुक्यांतील बाईला समजेल काय? सुगीच्या दिवसांत तपासणीची तारीख ठेविली तर मजुरी बुडेल, त्याची भरपाई होईल काय? चाचणीच्या वेळीं ज्यास लागण झालेली आढळेल त्याच्या औषधांची सोय कोणी करावयाची? लस उपयोगी ठरली तर ती ह्या लोकांस मिळेल काय, कीं श्रम येथें व फळ दुसरीकडे? असे प्रश्न जें मंडळ विचारीत नाहीं, तें चहापाण्यापुरतेंच मंडळ समजावें.

मंडळाखेरीज कायद्यानेंहि रक्षण केलें आहे. सन २०१९ च्या नव्या औषधांच्या चाचणीविषयक नियमांप्रमाणें प्रत्येक चाचणीस नैतिक समितीची मान्यता लागते. ह्या समितींत निदान सात सभासद असतात. त्यांत एक सामान्य नागरिक, एक स्त्री व एक कायदेपंडित असलाच पाहिजे, आणि निम्मे सभासद त्या संस्थेबाहेरचे असले पाहिजेत. चाचणीमुळें इजा झाली तर फुकट औषधोपचार व भरपाई देण्याचा नियम त्यांतच आहे. त्याशिवाय २०१७ चा एचआयव्ही व एड्स कायदा, जो सप्टेंबर २०१८ मध्यें अमलांत आला, त्याप्रमाणें समजून उमजून दिलेल्या संमतीवांचून कोणाची एचआयव्हीची तपासणी करतां येत नाहीं, आणि अशा विषाणूनें बाधलेल्यांवर संशोधनहि करतां येत नाहीं.

एक गोष्ट स्पष्ट ध्यानांत ठेवावी. सरपंचांनीं परवानगी दिली, पंचांनीं दिली, पाळकसाहेबांनीं दिली, तर संशोधकास गांवांत येऊन बोलण्याची मोकळीक मिळाली, एवढाच तिचा अर्थ. गांवाच्या परवानगीनें एकाहि मनुष्याच्या दंडांत सुई घालतां येत नाहीं. त्यासाठीं त्या मनुष्याची स्वतःची संमति पाहिजे. नवऱ्यानें बायकोसाठीं, सासूनें सुनेसाठीं, मालकानें गड्यासाठीं दिलेली संमति ही संमतीच नव्हे.

५. सही करण्यापूर्वीं काय विचारावें?

भाग घेणाऱ्यानें निदान पुढील गोष्टी विचारून घ्याव्या.

(१) ही चाचणी कोण करीत आहे, व कोणत्या समितीनें तिला मान्यता दिली आहे?
(२) किती वेळां टोचणार, किती वेळां रक्त घेणार, व किती वर्षें यावें लागेल?
(३) कोणता त्रास होण्याचा संभव आहे, व तो झाला तर रात्रीं-अपरात्रीं कोणास कळवावें?
(४) माझें नांव कोणास कळेल?
(५) मी मध्येंच सोडून गेलों तर माझ्या नेहमींच्या औषधोपचारांस बाध येईल काय? (येऊं नये, केव्हांहि सोडण्याचा हक्क प्रत्येकास आहे.)
(६) ह्या लसीनें पुढें माझ्या रक्ताच्या तपासणीवर काय परिणाम होईल?

हा सहावा प्रश्न फार महत्त्वाचा आहे, आणि तोच लोक विचारीत नाहींत. म्हणून तो उलगडून सांगतों. एचआयव्हीची नेहमींची तपासणी विषाणूस शोधीत नाहीं. ती त्याच्याविरुद्ध शरीरानें केलेल्या प्रतिपिंडांस शोधते. पण लसीचें कामच तीं प्रतिपिंडें उत्पन्न करणें हें आहे. म्हणून लस घेतलेल्या निरोगी मनुष्याची साधी तपासणी केली तर "एचआयव्ही आहे" असें उत्तर येऊं शकतें, आणि ही स्थिति कधीं कधीं कित्येक वर्षें टिकते. त्यास रोग नसतो. तपासणी तेवढी फसते.

आतां हें आपल्या खेड्यांतील जीवनाशीं ताडून पाहावें. तरुण मनुष्य आखाती देशांत नोकरीस निघाला, तेथें रक्ताची तपासणी झाली. मुलगी बाळंतपणासाठीं दवाखान्यांत गेली, तेथें तपासणी झाली. सोयरीक ठरत असतां कोणी कागद पाहिला. एका चुकीच्या शब्दानें नोकरी जाईल, लग्न मोडेल, माहेरचें दार बंद होईल. ह्यावर उपाय आहे. दुसऱ्या प्रकारच्या तपासणीनें विषाणूसच शोधतां येतें, व खरें काय तें ठरवितां येतें. चाचणी करणाऱ्यांनीं ही तपासणी पुढेंहि करून देण्याची हमी द्यावी, आणि भाग घेणाऱ्याजवळ तसा दाखला असावा. ही हमी लेखी मिळाल्यावांचून सही करूं नये, असें आमचें स्पष्ट मत आहे. तसेंच अशा मनुष्यानें रक्तदान करूं नये, हेंहि त्यास आधींच सांगितलें पाहिजे.

६. प्रचारकानें काय करावें, व काय करूं नये?

ज्यास वाचतां येत नाहीं अशा मनुष्याची संमति घेतांना एक निःपक्षपाती साक्षीदार हजर असला पाहिजे, असा नियम आहे. खेड्यांत हें काम प्रचारकाकडे, शिक्षकाकडे किंवा आशाताईकडे येण्याचा संभव पुष्कळ आहे. हा साक्षीदार लग्नाच्या साक्षीदारासारखा शेवटीं येऊन सही करणारा नव्हे. सर्व कागद आरंभापासून शेवटपर्यंत वाचला जात असतांना त्यानें जवळ बसावें. न समजलेला शब्द त्यानें थांबवून विचारावा. शेवटीं भाग घेणाऱ्यास म्हणावें, "बाई, आतां तुम्ही काय समजलां तें तुमच्या शब्दांत मला सांगा." तिनें सांगितलें तें बरोबर असेल तरच साक्ष द्यावी. ती म्हणाली, "साहेबांनीं सांगितलें तेंच खरें," तर तिला अजून समजलें नाहीं असें धरावें, व पुन्हां वाचावयास सांगावें. जो चाचणी करणाऱ्यांकडून वेतन घेतो त्यानें साक्षीदार होऊं नये.

"मास्तर, तुम्ही म्हणाल तर," असें कोणी म्हटलें तर काय उत्तर द्यावें? आम्हांस वाटतें तें हें: "मी समजावून सांगेन, ठरवावयाचें तुम्हीं." हें उत्तर पुष्कळांस आवडणार नाहीं, निर्णय दुसऱ्यावर टाकण्यांत सुख असतें. पण आपलें शरीर हें ज्याचें त्याचें आहे, व त्याचा निर्णयहि ज्याचा त्याचा आहे. "होय" म्हणणाऱ्यास शूर व "नाहीं" म्हणणाऱ्यास भित्रा असें मंडळींत कोणी म्हणूं लागला तर त्यास तेथेंच थांबवावें. त्याचप्रमाणें अमक्यानें चाचणींत नांव दिलें, तमक्याचें रक्त तपासलें, ही गोष्ट विहिरीवर, बाजारांत, किंवा प्रार्थनासभेंत विनंतीच्या रूपानेंहि, त्याच्या परवानगीवांचून बोलूं नये. चांगल्या हेतूनें उघड केलेलें गुपितहि घर मोडतें.

आणि संशोधकांविषयीं? त्यांस शत्रु समजूं नये, व देवहि समजूं नये. जे प्रामाणिक आहेत ते प्रश्नांस कंटाळत नाहींत. जो प्रश्न विचारल्यावर रागावतो, किंवा "उद्यां यादी बंद होईल, आजच अंगठा द्या," अशी घाई करितो, त्याच्यापासून दूर राहणें बरें.

एचआयव्हीवरील लस कधींतरी सांपडेल अशी आमची आशा आहे. ती सांपडेल तेव्हां मोठ्या प्रयोगशाळेचें नांव छापून येईल. पण तिच्यामागें पुणें, चेन्नई, रयोंग, जोहान्सबर्ग येथील अशीं हजारों माणसें असतील, कीं ज्यांचें नांव कोणी छापणार नाहीं. त्यांनीं समजून अंग पुढें केलें असेल तर त्यांचा मान मोठा. आणि न समजतां त्यांस पुढें ढकललें असेल तर तो दोष केवळ शहरांतील डॉक्टरांचा नाहीं, जवळ बसून गप्प राहणाऱ्या आपला सर्वांचा आहे.

अभ्यासवर्गासाठीं प्रश्न

१. देवीच्या लसीपेक्षां एचआयव्हीची लस शोधणें अवघड कां आहे? दोन कारणें सांगा.
२. चाचणींत भाग घेणाऱ्यानें "आतां मला भय नाहीं" असें कां समजूं नये?
३. कंबोडियांतील स्त्रियांनीं कोणता प्रश्न विचारला? तो योग्य होता काय?
४. गांवाची परवानगी व मनुष्याची संमति ह्यांत भेद काय?
५. लस घेतलेल्या निरोगी मनुष्याची तपासणी कशी फसूं शकते, व त्यावर उपाय कोणता?
६. वर्गांतील दोघांनीं उभें राहून एकानें कागद वाचणारा व दुसऱ्यानें सही करणारा व्हावें. तिसऱ्यानें साक्षीदार होऊन कोठें थांबवावें तें करून दाखवावें.